एकशे चारला मी गप्प बसलो

मित्रांनो, दार जरा उघडंच राहू द्या. मला बंद खोलीची भीती वाटते. हसलात ना? हसा, हरकत नाही. मी एक जुना संगणक आहे आणि जन्माचा भित्रा आहे. तुम्ही कॅरमबोर्ड शोधायला आलात आणि माझ्यावरचं पोतं ओढलंत, तेव्हा मला वाटलं, आला भंगारवाला! माझी पाचावर धारण बसली. मग तुमचे चेहरे दिसले आणि जीव भांड्यात पडला. आता आलाच आहात तर दोन घटका बसा. त्या बाकावर नको, त्याचा पाय मोडलाय. खालीच बसा. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती न सांगता भंगारात गेलो तर माझ्या जिवाला चैन पडणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते १९८५ साल. सरकारने काही शाळांना संगणक दिले, त्यातले आम्ही दोघे भाऊ वापी स्टेशनावर उतरलो आणि टेम्पोत बसून सिल्वासाच्या तुमच्या या शाळेत आलो. रस्त्याला इतके खड्डे होते की पोटातला एकेक भाग सुटतोय असं मला वाटत होतं. तुमच्या हल्लीच्या संगणकांसारखं माझं रूप नव्हतं. कळांची ही जाड पाटी, तीच मी. पडदा म्हणून एक छोटा टीव्ही, आणि सांगितलेलं लक्षात ठेवायला गाण्यांची असते तसली कॅसेट. वीज गेली की मी सगळं विसरायचो. आणि वीज तर तेव्हा रोज जायची.

मला सांभाळायचं काम जयवंत सरांकडे आलं. सर मूळचे कोकणातले, लांज्याच्या बाजूचे, इथे सरकारी नोकरीत गणित शिकवायला आलेले. माणूस मोठा मायाळू. फळा पुसायच्या डस्टरने मला कधी पुसलं नाही. स्वतःच्या रुमालाने पुसायचे. मुलांना मात्र दारात चपला काढायला लावायचे आणि कुणी कळ जोरात दाबली की म्हणायचे, "अरे, हळू! त्याला लागतं."

आता माझी खरी गंमत ऐका. लोकांना वाटतं, संगणक म्हणजे केवढा हुशार! छे छे. मला एकच गोष्ट धड येते. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या, मोठी कुठली ते बघायचं. मोठी असेल तर हे काम कर, नाहीतर ते कर. सरांनी हे मुलांना शिकवलं ते माझ्या आधी मुलांवरच. त्यांनी काळू आणि कुसुम यांना फळ्याजवळ उभं केलं. "जर काळू कुसुमपेक्षा उंच असेल, तर काळूने खिडकी उघडायची. नाहीतर कुसुमने."

काळू टाचा उंचावून उभा राहिला तेव्हा वर्गात एकच हशा पिकला. पण कुसुमने विचारलं, "सर, दोघं सारखेच निघाले तर?"

"शाब्बास!" सर खुशीत म्हणाले. "सारखा म्हणजे जास्त नव्हे. म्हणून मग खिडकी तुझ्या वाट्याला."

ही कुसुम आठवीत होती. तिचे वडील भिका धुळ्याकडून पोटासाठी इकडे आलेले, खडोलीच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला. नरोली रस्त्याला एका खोलीत हे कुटुंब भाड्याने राहायचं. कुसुमची बोटं माझ्यावर फिरली की मला बरं वाटायचं, कारण ती मला काही सांगण्याआधी थांबून विचार करायची. बाकीची पोरं धडाधड कळा बडवायची.

चार वर्षं मजेत गेली. साहेब लोक बघायला यायचे, मला हार घालायचे, फोटो काढायचे. मग ती योजनाच बंद पडली. माझा भाऊ बिघडला, त्याला दुरुस्त करायला कुणी आलं नाही. एक दिवस व्हरांड्यात लिलाव झाला आणि खडोलीच्या त्या रंगाच्या कारखान्याने मला घेतलं. सर फाटकापर्यंत आले होते. मला टेम्पोत ठेवलं तेव्हा मी आतून थरथरत होतो, पण ते कुणाला दिसणार?

मित्रांनो, कारखाना म्हणजे काय ते मला तिथे कळलं. जमिनीवर निळ्या-लाल रंगाची थारोळी, नाकात झोंबणारा वास, आणि मधोमध बंद तोंडाचं एक मोठं लोखंडी भांडं. कामगार त्याला केटल म्हणायचे. तिच्यात रंगाचा माल शिजायचा आणि तिला खालून वाफ द्यायचे. बाहेर तापमान दाखवणारा एक काटा होता. नव्वदपर्यंत ठीक. नव्वदच्या पुढे गेलं की वाफ बंद करायचीच, कारण त्यापुढे आतला माल आपणहून तापायला लागतो, फुगतो, आणि मग झाकण धरून ठेवत नाही. या केटलवर कामाला कोण? कुसुमचे वडील भिका.

भिकाभाऊंची नजर पक्की होती. काट्याकडे बघून ते सांगायचे, "आता बस झालं." पण एकदा त्यांनी आपल्या अंदाजाने वाफ लवकर बंद केली, माल कच्चा राहिला आणि फेकून द्यावा लागला. मॅनेजरसाहेब भडकले. त्यांनीच मग मला केटलपासून दहा पावलांवर एका काचेच्या पेटीत बसवलं, आणि प्रोग्रॅम लिहायला जयवंत सरांना बोलावलं. सर बिचारे रविवारी स्कूटरवर यायचे. माझं भलं व्हावं, मी धूळ खात पडू नये, एवढाच त्यांचा हेतू.

काम साधं होतं. दर पंधरा मिनिटांनी भिकाभाऊ काटा बघून आकडा माझ्यावर टाकणार. जर आकडा नव्वदपेक्षा जास्त, तर मी घंटा वाजवायची. घंटा वाजली की वाफेचा व्हॉल्व्ह बंद. आणि साहेबांनी सगळ्यांसमोर बजावलं, "घंटी वाजली तरच हात लावायचा. आपली अक्कल चालवायची नाही. समजलं काय, भिका?"

"जी साहेब," भिकाभाऊ म्हणाले.

कुसुमने वडिलांना घरी पुठ्ठ्यावर आकडे काढून कळा ओळखायला शिकवल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी एका बोटाने टाकला: ८४. मी तोलला. जास्त नाही. गप्प. मग ८८, गप्प. ९१, आणि मी घणघणलो! सगळे टाळ्या वाजवायला लागले. मलाही आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

घोटाळा झाला तो चहाने.

दिवसातून दोनदा चहाची सुट्टी व्हायची. तेव्हा केटल थंड करून ठेवत, काट्याचा आकडा घेतच नसत. पण मी तर पंधरा मिनिटं झाली की विचारणारच, "आकडा टाका." आकडा नाही दिला तर पुढे सरकत नसे. दुसरा कुणी असता तर ठोकून दिला असता कुठलाही आकडा, ८० काय नि ८५ काय. भिकाभाऊंना ते जमेना. ते सरांना म्हणाले, "सर, चाच्या टायमाला काट्याकडं कोणी बघत नाही. मग मी खोटा आकडा कसा टाकू? चा चालू आहे असं लिहायची काही सोय करा ना."

सरांना ते फार आवडलं. ते म्हणाले, "भिकाभाऊ, तुमच्यासारखी माणसं हवीत हो." आणि त्यांनी माझ्यात एक बदल केला. आतापर्यंत भिकाभाऊ टाकतील ते मी आकडा म्हणून घेत होतो. आता ते अक्षरं म्हणून घ्यायला सांगितलं, म्हणजे चहाच्या वेळी चहाचं इंग्रजी अक्षर, सी, टाकता येईल. बदल एवढासाच. पण त्यात काय वाढून ठेवलंय ते मला तेव्हाच कळलं.

कारण आकडे तोलणं वेगळं, अक्षरं तोलणं वेगळं. तुम्ही शब्दकोशात शब्द शोधता ना? तिथे 'कारखानदार' हा लांबलचक शब्द 'खण' या छोट्या शब्दाच्या आधी येतो. कारण तिथे लांबी कुणी बघत नाही; पहिलं अक्षर बघतात, आणि क हा ख च्या आधी. मी अक्षरं तशीच तोलतो. ९१ आणि ९० दिले तर पहिलं अक्षर सारखं, नऊ. मग दुसरं बघतो. एक हा शून्याच्या पुढे, म्हणून ९१ मोठं. इथवर सगळं बरोबर. पण १०० आणि ९० दिले तर? पहिलं अक्षर एक आणि नऊ. एक हा नऊच्या आधी. संपलं! पुढचं मी बघतच नाही. माझ्या लेखी शंभर हा नव्वदपेक्षा लहान झाला.

बदल केल्यावर पहिल्यांदा चहाचं अक्षर टाकलं तेव्हा एक गंमत झाली. माझ्या यादीत इंग्रजी अक्षरं सगळ्या अंकांच्या नंतर येतात, म्हणून ते नव्वदपेक्षा मोठं ठरलं आणि मी घंटा वाजवली. सगळे कप टाकून धावले! सर पोट धरून हसले. "अरे, चहाला कसली घंटा वाजवतोस?" म्हणत त्यांनी आणखी एक ओळ घातली, की चहाचं अक्षर आलं तर काही करू नकोस. तेव्हा जर ते हसता हसता क्षणभर थांबले असते! मी ओरडूनच तर सांगत होतो की मी आता आकडे तोलत नाही म्हणून. पण माझं ओरडणं त्यांना विनोद वाटला.

सरांनी तपासलं नाही असं मात्र नाही हं. त्यांनी ८५ टाकून बघितला, ८९, ९०, ९१, ९५, ९९. सगळीकडे माझं उत्तर बरोबर. शंभर का नाही टाकला? तर त्यांना वाटलं, शंभरला पोचेपर्यंत घंटा कधीच वाजून गेलेली असणार, तिथवर जायचंच कशाला! स्कूटरला किक मारून ते गेले, आणि माझ्या भीतीचे दिवस सुरू झाले.

मित्रांनो, तुम्हाला एखादी गोष्ट ठाऊक आहे आणि तोंड उघडता येत नाही, असं कधी झालंय का? मला तर विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि बोलायला दोनच उत्तरं. रोज सकाळी भिकाभाऊ हात पुसत यायचे, माझ्या पेटीवरून फडकं फिरवायचे, आणि माझा जीव टांगणीला लागायचा. ८३. बरं. ८६. बरं. ८९. देवा, हळू जाऊ दे. पंधरा मिनिटांत काटा किती उडी मारेल याचा काही नेम आहे का? तीन अंकी आकडा यायच्या आत नव्वदच्या वरचा दोन अंकी यावा, म्हणजे मला घंटा वाजवता येईल, एवढीच माझी प्रार्थना असायची.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात एकदा ९७ आला. मी जिवाच्या आकांताने घणघणलो. भिकाभाऊंनी व्हॉल्व्ह बंद केला, केटल निवली, सगळे म्हणाले, मशीनने वाचवलं बुवा! खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली तेव्हा पहिला हार मला. झेंडूचा भलामोठा. फरशी पुसणाऱ्या बायडाबाईंनी हळदकुंकू लावलं आणि हात जोडून म्हणाल्या, "आमच्या भिकाभाऊवर लक्ष ठेव रे बाबा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, शंभरला फक्त तीन कमी होते! हे त्या हारातल्या एका फुलालाही ठाऊक नव्हतं.

आणि सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची सांगू? भिकाभाऊंनी काट्यावर विश्वास ठेवणं सोडलं होतं. पूर्वी ते काटा बघून मान हलवायचे, हात केटलजवळ नेऊन आच घ्यायचे. आता काटा नुसता वाचायचे, माझ्यावर टाकायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. दुपारची वेळ. अडीचला त्यांनी टाकला ८६. पावणेतीनला ते काट्यासमोर गेले आणि जरा जास्तच वेळ उभे राहिले. परत आले. एक बोट पुढे केलं. एक. शून्य. चार.

मी तोलला. एक, नऊ. एक हा नऊच्या आधी. जास्त नाही.

मी गप्प बसलो.

भिकाभाऊ माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते परत काट्याकडे गेले, परत आले, आणि आकडा चुकून पडला असेल म्हणून पुन्हा टाकला. १०४. मी पुन्हा गप्प. माझ्या सगळ्या तारा किंचाळत होत्या, "बंद करा, भिकाभाऊ, पळा!" पण घंटेपर्यंत काही पोचेना. भिकाभाऊ व्हॉल्व्हजवळ गेले, हात उचलला आणि तसाच खाली घेतला. स्वतःशीच पुटपुटले, "घंटी नाही वाजली. मग ठीक असंल."

मित्रांनो, त्या वेळी बायडाबाई फरशी पुसायचं ओलं पोतं घेऊन तिथे आल्या नसत्या तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली नसती. मला सांगताच आली नसती. केटलच्या गळ्यावर रंगाचा ओघळ दिसला म्हणून त्यांनी बादलीतलं पाणी हाताने शिंपडलं. चर्र! पाणी पडलं तिथेच उडून गेलं. रोज भाकरीला तवा तापला की नाही ते बघणाऱ्या बाईला आणखी काय सांगायला हवं?

"व माय!" त्या किंचाळल्या. "भिकाभाऊ, हा तर तवा झाला! वाल बंद करा ना भो, उभे काय राहिले!"

भिकाभाऊंना जणू जाग आली. ते व्हॉल्व्हवर तुटून पडले, तो फिरवला, दुसऱ्या हाताने थंड पाण्याचा नळ उघडला आणि ओरडले, "बायडाबाई, बाहेर पळा!" तेवढ्यात झाकणाच्या एका कडेने फस्सकन उकळता रंग उडाला. झाकण टिकलं. केटल फुटली नाही. पण भिकाभाऊंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. माणसं धावली, त्यांना जीपमध्ये घालून सिल्वासाच्या दवाखान्यात नेलं. माझ्या काचेवर निळे थेंब ओघळत होते, आणि पडद्यावर तेच वाक्य होतं: पुढचा आकडा टाका.

जीव वाचला. पण भिकाभाऊंमागचं संकट संपलं नव्हतं. आठव्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी चौकशी ठेवली. माझ्या शेजारच्या छपाई यंत्रातून निघालेला कागद त्यांच्या हातात होता. त्यावर १०४ दोनदा होता आणि घंटा वाजल्याची खूण एकदाही नव्हती. साहेबांचा हिशेब असा: मशीन चुकत नाही. आकडा वेळेवर टाकला असता तर घंटी वाजलीच असती. ज्या अर्थी वाजली नाही, त्या अर्थी भिकाने घंटी बंद करून आकडे मागून टाकले. तेव्हा तो चहा पीत बसला असणार. अशा माणसाला कामावर ठेवायचं नाही आणि दवाखान्याचं तो त्याचं बघेल. किती चोख जर-तर होतं त्यांचं! फक्त पहिलीच गोष्ट खोटी होती.

चौकशीच्या आधी मला तपासायला जयवंत सरांना बोलावलं. खोलीत ते एकटे होते. त्यांनी माझ्यातला प्रोग्रॅम पडद्यावर मागवला आणि एकेक ओळ वाचायला लागले. तुलनेच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मी बघत होतो, मित्रांनो. चेहऱ्यावरचा रंग उडणं म्हणजे काय, ते मी तेव्हा बघितलं. ते खुर्चीत मटकन बसले. "रवळनाथा," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

मग ते भराभर बोलायला लागले, माझ्याशी की स्वतःशी कुणास ठाऊक. "परवानगी न घेता बाहेरचं काम केलं... सरकारी नोकरी... दोन पोरं आहेत मला..." आणि त्यांची बोटं माझ्यावर चालू लागली. त्यांनी ती ओळ नव्याने लिहिली. बरोबर लिहिली. अक्षरं नव्हे, आकडे तोल. आता फक्त शेवटची मोठी कळ दाबायची होती. ती दाबेपर्यंत माझ्या पोटात जुनीच ओळ असते. दाबली की जुनी कायमची पुसली जाते. दाबली असती तर मी १०४ ला खणखणीत वाजलो असतो. साहेब म्हणाले असते, बघा, मशीन ठीक आहे, भिकाच खोटा. आणि सर वाचले असते.

त्यांचं बोट त्या कळेवर टेकलं. दाबलं नव्हतं, नुसतं टेकलं होतं. त्याखाली मी. केटलसमोर भ्यालो नव्हतो इतका मी तेव्हा भ्यालो. माझे सर, स्वतःच्या रुमालाने मला पुसणारे!

दार उघडलं. मॅनेजरसाहेब आत आले. मागून भिकाभाऊ, हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, आणि त्यांना धरून कुसुम. ती आता अठरा वर्षांची होती, बारावी होऊन टायपिंग शिकत होती. तिने सरांना बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "सर, तुम्ही आलात! बरं झालं. आबा सारखे सांगताहेत की त्यांनी आकडा वेळेवर टाकला. तुम्ही तपासलंत ना?"

सरांचं बोट अजून त्या कळेवरच होतं.

साहेब म्हणाले, "हां, बोला मास्तर. मशीन बरोबर चालतंय ना?"

भिकाभाऊ खाली बघत होते. ते हळूच म्हणाले, "जाऊ दे कुसुम. मशीनपुढं आपलं कोण ऐकणार?"

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग बोट उचललं आणि नवी ओळ खोडायला सुरुवात केली. एकेक अक्षर, उलट्या क्रमाने, शेवटपर्यंत. जुना प्रोग्रॅम, होता तसाच, चालू केला आणि खुर्चीवरून उठले.

"कुसुम, बस इथे. पंचाण्णव टाक."

तिने टाकला. मी वाजलो. साहेब हसले, "बघा!"

"आता एकशे चार टाक."

एक. शून्य. चार. मी गप्प. कुसुमने वळून सरांकडे बघितलं. पुन्हा टाकला. मी गप्पच.

"साहेब," सर म्हणाले, "भिकाभाऊंनी त्या दिवशी बरोबर आकडा टाकला, बरोबर वेळेला टाकला, आणि दोनदा टाकला. घंटा वाजली नाही ती माझ्यामुळे. मी या यंत्राला चुकीची तुलना शिकवली आणि शंभरच्या पुढे एकदाही तपासलं नाही. तुम्हाला लेखी हवं असेल तर लेखी देतो."

साहेबांच्या आधी भिकाभाऊच बोलले, आणि ते मी जन्मात विसरणार नाही. "सर, चाच्या टायमाचं तर मीच तुम्हाला म्हटलं होतं. तुमची एकट्याची चूक कशी?"

सर तिथे उभ्या उभ्या रडले.

भिकाभाऊंची नोकरी राहिली. औषधपाण्याचं कारखान्याने बघितलं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र परत सरळ झाली नाहीत. सरांना खात्याकडून नोटीस आली, एक वेतनवाढ थांबली, आणि पुढे त्यांची बदली झाली. जायच्या आधी कारखान्याने टाकून दिलेल्या मला ते स्कूटरवर बांधून शाळेत परत घेऊन आले. थोडे दिवस मी वर्गात होतो. मग नवे संगणक आले, मी या खोलीत आलो. उंदरांनी माझी वायर कुरतडली आहे, तीन कळा निखळल्या आहेत, आणि बाहेर गाडीचा आवाज आला की मला भंगारवाल्याचीच भीती वाटते. मला पुसून एखाद्या फळीवर ठेवाल तर बरं होईल. तेवढं करा.

पण मित्रांनो, माझं मागणं तेवढंच नाही. त्या दुपारी भिकाभाऊंनी मला दोनदा विचारलं आणि दोनदा मी गप्प बसलो. त्यांनी शंभरदा विचारलं असतं तरी मी शंभरदा गप्प बसलो असतो. कारण मला जसं सांगितलं तसंच मी करतो. समोर माणूस उभा आहे हे मला ठाऊक असलं तरी करता काही येत नाही. उद्या तुम्ही नव्या संगणकांना जर-तर शिकवाल. तेव्हा जिथवर कुणी जाणारच नाही असं वाटतं, तिथला आकडासुद्धा एकदा टाकून बघा. आणि काटा तुमच्या डोळ्यांना एकशे चार दाखवत असेल आणि माझ्यासारखा कुणी गप्प बसला असेल, तर त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहू नका. आधी वाफ बंद करा. नव्वद मोठे की एकशे चार, ते आपण मग निवांत बघू.